भर दुपारी पाडलेला सिग्नल

ऊन उतरायला लागलं की माणसं स्टेशनकडे निघायची. कुणी सायकलवर, कुणी स्कूटरवर, म्हातारी माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ज्या स्टेशनात कित्येक वर्षांत एक गाडी आली नव्हती, त्याच्या फलाटावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची. चहावाल्यानं पुन्हा टपरी मांडली होती. फुलं विकणारी एक बाई चक्क रुळांच्या मधोमध पाटी घेऊन बसायची आणि कुणी हटकलं तर म्हणायची, "गाडी आली की उठेन."

सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असायची. फलाटापासून बऱ्याच लांब, वळणाच्या अलीकडे, जुना सिग्नल उभा होता. लोखंडी खांब आणि वर लाल रंगाचा हात. हात आडवा असला की गाडीनं थांबायचं, खाली कलला की यायचं. सिग्नल पडला, असं आम्ही स्टेशनातली माणसं म्हणतो. तर सूर्य टेकायच्या सुमाराला तो हात, कुणी काही न करता, हळूहळू खाली यायचा.

"पडला," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणायचं. मग बायका पदर डोळ्यांना लावायच्या, पुरुष हात जोडायचे, आणि शेजारच्या गावाहून पहिल्यांदाच आलेला एखादा पाहुणा तोंड उघडं टाकून बघत राहायचा. मी दातांची डॉक्टर आहे, तोंड उघडं टाकलेली माणसं मला रोज दिसतात. पण इतकी एकदम कधी पाहिली नव्हती.

लोकांचं म्हणणं असं होतं की तो सिग्नल माझा दादा पाडतो. दादा दोन महिन्यांपूर्वी गेला होता.

आधी स्टेशनचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हे स्टेशन मुळात माणसांसाठी नव्हतंच, इंजिनांना पाणी पाजायला बांधलेलं होतं. दगडाच्या खाणीपासून बंदरापर्यंत लाइन टाकली, तेव्हा चढ चढून आलेल्या इंजिनाला इथवर येता येता पाणी संपायचं. म्हणून विहीर खणली, विहिरीशेजारी उंच टाकी उभी केली, आणि टाकीला सोबत म्हणून की काय, एक स्टेशनमास्तर नेमला. गाव नंतर वसलं. इंजिन पाणी घेईपर्यंत माणसं चढायची, उतरायची, चहा प्यायची. पुढे डिझेलची इंजिनं आली, त्यांना पाणी लागेना, गाड्या न थांबता जायला लागल्या. मग खाण संपली आणि गाड्याही संपल्या. रूळ मात्र कुणी उचलले नाहीत. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, इथले शेवटचे स्टेशनमास्तर. अप्पा गेल्यावरही आई आणि दादा फलाटामागच्या क्वार्टरमध्येच राहिले.

दादा पोस्टात नोकरीला होता. लग्न केलं नाही. "स्टेशनशी लावलंय त्यानं," असं आई म्हणायची. गावातला शिंपी आणि एक रंगारी यांना धरून त्यानं स्टेशन जतन समिती काढली होती. ऑफिस सुटलं की हे तिघं तिथंच. वजनकाटा खरवडून पुन्हा चालू केला, तिकिटावर तारीख उठवायचं यंत्र भंगारवाल्याकडून परत आणलं, वेटिंग रूमच्या बाकाला पॉलिश केलं. सिग्नलचं तर काय विचारता. खांब रंगवला, हात रंगवला, सिग्नलच्या तारेखालच्या एकूण एक चाकाला तेल घातलं. सरकारच्या वारसा खात्याच्या यादीत स्टेशनचं नाव लागावं, हा एकच ध्यास.

आणि एका सकाळी त्या वजनकाट्याजवळ तो बसल्या जागी गेला. हृदय बंद पडलं. मला फोन आला तेव्हा मी शहरातल्या माझ्या दवाखान्यात एका गृहस्थांची दाढ काढत होते. ती पूर्ण काढली, टाका घातला, कापूस चावून धरायला सांगितला, हात धुतले आणि निघाले. दाढ काढताना सुई दिली की ओठ बधिर होतो. ओठ असतो, पण आपला वाटत नाही. मला सगळ्या अंगाला तसं झालं, आणि ते उतरलंच नाही. सगळे म्हणायचे, रडून घे, बरं वाटेल. रडू यायला तर हवं ना.

आईही रडली नाही. दादाला पोचवून आलो त्या संध्याकाळी ती फलाटावर जाऊन बसली, आणि तेव्हाच तिला सिग्नल पडलेला दिसला.

ती शेजारणीला बोलली, शेजारीण विहिरीवर बोलली, आणि आठवड्याभरात महाराज हजर. कुठून आले, काय करायचे, देव जाणे. अंगात पांढरा कोट, डोक्यावर टोपी, काखेत लाल आणि हिरवी झेंडी. गाडीला पुढे यायची परवानगी देतात त्यावरून लोकांनी त्यांचं नाव लाइनक्लिअर महाराज ठेवलं, आणि त्यांनी ते खुशाल ठेवून घेतलं.

"वरच्या कंट्रोलला मी मेसेज दिलाय," फलाटावर फेऱ्या मारत ते सांगायचे. "दादा ड्युटीवर आहेत. ज्याचा पास संपला तो गेला, पण ज्याचं काम उरलंय तो येणार. बघा, सिग्नल ओढायच्या या दांड्याला, लिव्हरला, कुलूप आहे. किल्ली माझ्या गळ्यात. मग सिग्नल ओढतो कोण? सांगा, ओढतो कोण?"

मग महाराज आजाऱ्यांना रांगेत उभं करायचे. पोटदुखीला हिरवी झेंडी, बाहेरच्या बाधेला लाल. एका बिचाऱ्याला मूळव्याध होती, त्याला दोन्ही दाखवल्या.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. गावात एक बाबा आला, जाईल निघून. पण आईचं पायाचं बोट काळं पडलं होतं.

आईला जुना मधुमेह आहे. अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली, ती चिघळली. शहरातल्या सर्जनबाई माझ्या मैत्रीण. त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, आत्ता आलात तर बोटावर भागेल, रेंगाळलात तर पाऊल, आणि अजून रेंगाळलात तर गुडघ्यापर्यंत. मी दवाखाना बंद ठेवून गावी येऊन राहिले आणि आईच्या मागे लागले.

"आई, बोट बघितलंस का?"

"माझंच आहे. दिसतं मला."

"मग उद्या जाऊ या. एक बोट जाईल फक्त."

"जाऊ की. तो येऊन जाऊ दे."

"कोण येऊन जाऊ दे?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही वेड मलाच लागलं होतं. "सिग्नल पडतोय ना रोज? तुझ्या अप्पांनी कधी उगाच सिग्नल पाडला होता का? मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की मगच पाडायचे. लाइन दिलीय म्हणजे तो निघालाय. आणि मी तिकडे दवाखान्यात पाय वर करून पडले, नि इकडे तो उतरला, तर फलाटावर कोण असेल?"

"आई, आपण त्याला स्वतःच्या हातानं पोचवलं."

"मला सांगतेस? मी होते तिथं."

चाळीस वर्षं ज्या बाईनं सिग्नल पडला की गाडी येते हे डोळ्यांनी बघितलं, तिच्या बाजूनं तिचं बरोबरच होतं. तिचं चुकत नव्हतं, सिग्नलचं चुकत होतं. आणि महाराज त्यात रोज भर घालत होते. मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, आईला दवाखान्यात जायला सांगा, तुमचं ऐकेल. ते डोळे मिटून म्हणाले, "माउलीनं फलाट सोडला तर गाडी स्टेशनाबाहेर आउटरला अडेल. मग मी जबाबदार नाही." माझ्या हातात तेव्हा दाढ काढायची पक्कड नव्हती, हे त्यांचं नशीब.

मग मी रोज आईसोबत फलाटावर बसायला लागले. दुसरं करणार काय? काठी टेकत ती दुपारपासून जाऊन बसायची, तिच्या पायाला वास येऊ लागला होता, आणि मी शेजारी बसून सिग्नलकडे बघायचे. मला वाईट वाटत होतं का? नक्की सांगता येणार नाही. मी नुसती बघत होते.

एक दिवस सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं. मी दूध घेऊन येत होते, तर महाराजांनी फलाटावर पाटी टेकवून ठेवलेली, 'आज लाइन बंद'. आणि खरंच, रात्रीचा खाली आलेला हात दिवसभर वर गेलाच नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी सिग्नल पडलाही नाही. आई अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली. पण माझ्या डोक्यात ते अडकलं. संध्याकाळी दादाची मर्जी नसणार, हे या माणसाला सकाळी सकाळी कसं कळलं? दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि पाटी गेली. अच्छा, म्हणजे दादा ऊन बघून यायचा. जिवंत असताना तर त्याला पावसापाण्याचं, थंडीवाऱ्याचं काही नव्हतं.

त्याच दिवशी भर दुपारी मी उठले आणि सिग्नलकडे चालायला लागले. फलाटाजवळच्या लिव्हरपासून सिग्नलपर्यंत एक जाड लोखंडी तार रुळांच्या कडेनं गेलेली आहे. छोट्या खुंट्यांवर चाकं, चाकांवरून तार. लिव्हर ओढला की तार ओढली जाते आणि पलीकडे हात खाली येतो, एवढीच ती करामत. रोज शेकडो लोक येत होते. अर्धे लिव्हरच्या कुलपाकडे बघायचे, अर्धे सिग्नलच्या हाताकडे. मधल्या तारेकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

मी तारेला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतकी ती तापली होती. रुमाल धरून दाबून बघितली. बोटाखाली दबत होती. माझा सगळा धंदा तारेचा. वाकड्या दातांच्या मुलांना तार बसवायची, दर महिन्याला तिचा ताण बघायचा. तार किती ताणलेली आहे ते मला बोटाला कळतं. सिग्नलच्या खांबाजवळ शेवटच्या चाकापाशी मी पर्समधलं नेलपॉलिश काढून तारेवर ठिपका दिला. संध्याकाळी गर्दी फलाटावर हात जोडून उभी होती, तेव्हा मी एकटी त्या खांबाखाली होते. वर हात खाली आलेला. खाली तार गार पडलेली आणि अशी ताठ की बोटानं छेडली तर घुमली. माझा ठिपका पंजाभर अंतर स्टेशनच्या दिशेला सरकला होता.

यात काही अवघड नाही. लोखंड तापलं की लांबतं, गार झालं की आखडतं. हातभर तारेत ते दिसणारही नाही. पण ही तार जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब. तेवढ्या लांबीत केसाकेसानं आखडली तरी शेवटी पंजाभर होते, आणि पंजाभर ओढलं की सिग्नल पडतो. लिव्हरला कुलूप असो नाहीतर दहा कुलपं असोत. सकाळी ऊन चढलं की तार सैल पडणार आणि हात परत वर जाणार. महाराजांना यातलं काही कळत नसावं. त्यांना फक्त एवढं कळलं होतं की उन्हाच्या दिवशी पडतो, ढगाळ दिवशी पडत नाही. पोट भरायला तेवढं पुरे होतं.

पण ही तार वर्षानुवर्षं होतीच की. मग आत्ताच काय झालं? मी शिंप्याकडे गेले. तो मशीनवर बसून कुणाची तरी पँट उसवत होता.

"काका, सिग्नलच्या तारेला ताण कुणी दिला?"

"दादानंच," तो मान वर न करता म्हणाला. "वारसा खात्याला फोटो पाठवायचा होता ना. तार नुसती झोळीसारखी लोंबत होती. मीच म्हटलं, फोटोत बरं दिसत नाही. तर लिव्हरजवळ ते ताण द्यायचं चाक आहे बघ, ते फिरवत बसला. सुट्टीचा दिवस, भर उन्हात. घामानं न्हाऊन निघाला होता. मग मला म्हणाला, आता बघ, कशी सुतासारखी सरळ."

"कधी?"

शिंप्याचे हात थांबले. "जायच्या आदल्या दिवशी," तो म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "जाऊन चाक सैल करू या. विषय संपला."

विषय संपला नसता. सिग्नल नुसता पडायचा थांबला असता, तर महाराज म्हणाले असते की दादा रुसला, आणि आई रुसवा निघेपर्यंत बसून राहिली असती. तिच्या पायाला तेवढा वेळ नव्हता. सिग्नल बंद करून भागणार नव्हतं, तो पाडून दाखवायला हवा होता.

त्या संध्याकाळी फलाटावर सगळ्यांसमोर मी महाराजांना म्हटलं, "उद्या दुपारी सिग्नल पाडते. या बघायला."

महाराज मंद हसले. "ताई, दुपारी वरचं कंट्रोल झोपलेलं असतं."

"असू दे. मी उठवीन."

गर्दीत खसखस पिकली. महाराजांना ते आवडलं नाही. "दुपारी पडला तर तो दादा नव्हे बरं का," त्यांनी लगेच वाट काढून ठेवली. "दुपारी येतात ती वेगळी मंडळी."

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आशा होती, ती मला दिसली. तिला वाटलं, मलाही दादाचा निरोप आलाय. मी तिला काही सांगितलं नाही. सांगून तिनं ऐकलं नसतं, म्हणून गप्प बसले, आणि त्याबद्दल मला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत होतं. शिंप्यानं आणि रंगाऱ्यानं गावातली माणसं गोळा केली होती, प्रत्येकाच्या हातात धान्याचं रिकामं पोतं. पूर्वी इंजिनं ज्या विहिरीचं पाणी प्यायची त्याच विहिरीतून पाणी काढलं आणि पोती भिजवली. मग मी तारेच्या कडेनं सगळ्यांना उभं केलं, लिव्हरपासून खांबापर्यंत एक रांग. चहावाला होता, फुलवाली होती, दोन शाळामास्तर होते, माझे पेशंट तर कितीतरी. मूळव्याधवाला मात्र उभा राहून थकला आणि पोतं बायकोकडे देऊन सावलीत गेला. फलाटावर आई बाकावर बसली होती, पाय स्टुलावर. तिच्यापासून हातभरावर महाराज, पांढऱ्या कोटात.

मी हात वर केला. शिंप्यानं शिट्टी मारली. सगळ्यांनी एकदम ओली पोती तारेवर टाकली आणि आपापला तुकडा पुसायला लागले. तापलेल्या तारेतून वाफ निघाली. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि कुणीतरी हसलंदेखील. मग सिग्नलचा हात किंचित हलला. अडला. पुन्हा हलला. आणि भर दुपारच्या उन्हात, सगळ्या गावासमोर, हळूहळू खाली आला.

मला वाटलं होतं, आता लोकांच्या डोक्यात प्रकाश पडेल. कसलं काय. एक म्हातारे गृहस्थ पोतं टाकून पुढे आले आणि माझ्या पाया पडायला वाकले.

"ताई, तुमच्यातसुद्धा आहे ते," ते म्हणाले.

"काय आहे?"

"तेच. दादांचं."

त्यांच्यामागे आणखी दोघी वाकल्या. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. किती दिवसांनी मला काहीतरी वाटलं आणि तो राग निघाला. "उठा," मी ओरडले. "माझ्यात काही नाही. तुमच्या हातातल्या पोत्यात आहे. काढा ती पोती बाजूला, आणि आता मी काही करत नाहीये, नीट बघा."

पोती बाजूला झाली. तार उन्हात वाळली, पुन्हा तापली. आणि हात जसा खाली आला होता तसाच, अडत अडत वर गेला. "पुन्हा पुसा," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा पुसली. पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी मला सांगावंच लागलं नाही. शाळामास्तरांनी अर्ध्याच लोकांना पुसायला लावलं, तर हात अर्धाच कलला. मग सगळेच तारेला हात लावून बघायला लागले, एकमेकांना समजावायला लागले, आणि जो तो जणू हे आपल्यालाच आधीपासून माहीत होतं अशा थाटात बोलायला लागला. फलाटावरून महाराज काहीतरी म्हणत होते, परवानगी मीच दिली वगैरे.

"महाराज, या की," फुलवाली म्हणाली. "एक पोतं घ्या. तुमच्या हातानं पण पडेल."

महाराज आले नाहीत. थोड्या वेळानं बघितलं तर कोट काढून, घडी करून, पिशवीत घालत होते. किल्ली त्यांनी बाकावर ठेवली होती.

मी आईसमोर जाऊन उभी राहिले. तिनं सगळं बघितलं होतं.

"तुझ्या अप्पांच्या हाताखालचा पॉइंट्समन," ती म्हणाली, "रोज संध्याकाळी त्या चाकापाशी जायचा. सकाळी पण. मला वाटायचं तेलपाणी करतो."

"संध्याकाळी सैल करायचा, आई. सकाळी ताणायचा."

"मग आता ही कुणी ताणून ठेवली?"

मी तिच्या पायाखालचं स्टूल सरळ केलं.

"दादानं. फोटोसाठी. दुपारच्या वेळी."

"दुपारी ताणली," आई म्हणाली. "आणि संध्याकाळी सैल करायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नाही?"

"सांगणारं कुणी राहिलंच नव्हतं."

हेच झालं होतं. स्टेशनचा एकूण एक खिळा दादानं जपला, पण त्या लोखंडाशी रोज कसं वागायचं हे ज्यांना माहीत होतं ती माणसं त्याच्या आधीच संपली होती. तो काही परत येत नव्हता, निरोप देत नव्हता. एक चाक त्यानं चार वेढे जास्त फिरवलं होतं, आणि ते सैल करायला दुसऱ्या दिवशी तो उरला नव्हता.

"सैल कर ते," आई म्हणाली.

मी लिव्हरपाशी गेले. चाक तेलानं चकाकत होतं. त्याला हात लावला आणि मला ते फिरवता येईना. जड नव्हतं. पण ते दादाचं शेवटचं काम होतं, आणि ते उलटं करायला माझा हात धजेना. शिंपीही मान वळवून उभा राहिला. मागून काठीचा आवाज आला.

"सरक," आई म्हणाली. काठी तिनं माझ्या हातात दिली, एका पायावर भार देऊन उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी चाक फिरवलं. तार हळूहळू खाली झोळ धरत गेली. "फोटोत वाईट दिसेल," ती म्हणाली. मग काठी परत घेतली. "चल. गाडी काढ."

त्याच रात्री सर्जनबाईंनी बोट काढलं. शेजारचंही एक गेलं, उशीर झाला होता. पाय वाचला. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर आईनं मला विचारलं, "आज पडला का?" मी बाहेर जाऊन शिंप्याला फोन केला आणि परत आले.

"नाही पडला, आई."

"बरं," ती म्हणाली. भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे येत नाहीये तो."

"नाही."

"गेला ना गं?"

"हो, आई."

आणि आई रडायला लागली. शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली इतकं मोठ्यानं. मी तिला खुणेनं परत पाठवलं आणि आईचा हात धरून बसले. मला अजूनही रडू आलं नाही. पण तिचं रडणं मला ऐकू येत होतं, नीट ऐकू येत होतं.

आता गावातली शिकलीसवरलेली माणसंसुद्धा मला म्हणतात, डॉक्टर, काय बिघडत होतं? म्हातारीला तेवढाच आधार होता, कशाला मोडलात? त्यांना मी सांगते, आधार असता तर मी हातही लावला नसता. तुमच्यासमोर एखादी वस्तू आपोआप हलली तर हात जोडायच्या आधी तिला हात लावून बघा. कशाला बांधलीय, कुठून ओढली जातेय, कधी हलते आणि कधी हलत नाही, ते विचारा. विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही, मेलेल्याचा तर नाहीच. आणि विचारू न देता जो हात जोडायला लावतो, त्याला सोडू नका. महाराजांच्या पायी माझ्या आईचं एक बोट जास्तीचं गेलं, तो हिशेब मी धरतच नाही. माझ्या आईचा मुलगा गेला होता, आणि त्या माणसानं दोन महिने तिला रडू दिलं नाही.